संत्र्याची रेसिड्यू टेस्ट: बारा हजार छत्तीस रुपयांचा अनुभव

लॅबचं नाव लिहीत नाही. नागपुरातली आहे, एनएबीएलचं, म्हणजे लॅब तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेचं, प्रमाणपत्र आहे, आणि त्यांची जी चूक खाली सांगणार आहे ती त्यांनी चोवीस तासांत दुरुस्त केली. नाव दिलं की लोक तेवढी चूकच धरून बसतात. मला बोलायचं आहे ते या सेवेबद्दल. संत्रा उत्पादकाने खिशातून पैसे भरून फवारणीच्या औषधाचे फळात उरलेले अवशेष, म्हणजे रेसिड्यू, तपासून घ्यावेत का, आणि घेतलेच तर कधी. पाचपैकी साडेतीन तारे देतो. दीड तारा कुठे गेला ते वाचता वाचता कळेलच.

बगीचा वरुड तालुक्यात आहे. सहा एकर, साडेसहाशेच्या आसपास झाडं, सगळा आंबिया, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा बहार. पावसाळ्यातला मृग बहार धरणं मी सोडून दिलं, पावसाच्या भरवशावर पाणी तोडून झाडाला ताण द्यायची हिंमत उरली नाही. आमच्याकडे माल विकायची रीत ठरलेली आहे. व्यापारी येतो, झाडाखालून एक चक्कर मारतो, नजरेनेच अंदाज बांधतो, इसार देतो, आणि तोडणीच्या दिवशी "भाऊ, माल बारीक निघाला" म्हणून भाव पाडतो. या सगळ्या व्यवहारात तुम्ही काय फवारलं, कधी फवारलं, हे विचारणारा माणूस मला पंचवीस वर्षांत भेटला नव्हता. बांगलादेशची गाडी भरतानाही नाही. त्या देशाने आयात शुल्क चढवत नेलं, २०१९ मध्ये किलोमागे २० रुपये होतं ते २०२३ मध्ये ८८ वर गेलं, आणि आमचा सगळ्यात मोठा बाहेरचा गिऱ्हाईक हातचा जायला लागला. तेव्हा कुठे आम्ही इकडे तिकडे बघायला लागलो.

मागच्या दसऱ्याच्या सुमारास वाशीहून आखातात फळं पाठवणारा एक पोरगा आमच्या शेतकरी कंपनीच्या ऑफिसात आला. पोरगाच म्हणायचा, तिशीतला. फेब्रुवारी २०२० मध्ये वाशीहून नागपुरी संत्र्याची पहिली खेप दुबईला गेली होती, तेव्हापासून अशी चार-दोन माणसं आमच्याकडे फिरकून राहिली आहेत. त्याने माझा बगीचा बघितला, फळ हातात घेऊन दाबलं, सोललं, खाल्लं, आणि निवडक सहा टन मालाला जागेवर किलोला ४५ रुपये बोलला. अट एकच. रेसिड्यू रिपोर्ट पाहिजे, आणि तोही युरोपच्या हद्दीप्रमाणे, म्हणजे फळात किती औषध चालतं त्या तिथल्या मर्यादेप्रमाणे.

"माल दुबईला चालला, अन् कायदा युरोपचा कायले?" मी विचारलं.

"काका, ज्या दुकानांना मी माल देतो त्यांनी सगळ्या देशांसाठी एकच पट्टी ठेवली आहे. सगळ्यात कडक असेल ती."

हे मला तेव्हा अन्यायाचं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही, पण पूर्ण पटलंय असंही नाही.

नमुना

लॅबला फोन केला. मल्टी-रेसिड्यू म्हणून एक पॅकेज आहे, त्यात दोनशेहून जास्त औषधं एका दमात बघतात. ६,८०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,०२४. पैसे आधी. फोनवर बोलणारी मुलगी चांगली होती, घाई नव्हती तिला. तिने मराठीत एक पान पाठवलं, नमुना कसा घ्यायचा त्याचं, आणि ते पान खरोखर कामाचं निघालं. कमीत कमी दहा फळं आणि एक किलो तर पाहिजेच, पण दोन किलो पाठवा. एकाच झाडाची नको, बगीच्यात आडवं-उभं फिरून, झाडाच्या चारही बाजूंची, खालची, मधली, शेंड्याची. खाली पडलेलं उचलायचं नाही. पुसायचं नाही, धुवायचं नाही. बंद प्लॅस्टिकमध्ये कोंबायचं नाही.

मी चोवीस फळं तोडली. तोडता तोडता शेजारचा भाऊ धुऱ्यावर उभा होता. म्हणे, "एवढा कायले घाम काढतं? माझ्या घरामागच्या दोन झाडांची ने. पाच वर्सांत थेंब नाही मारला त्याइले." तो गमतीत बोलला नव्हता. असे रिपोर्ट निघतात हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मी नेली नाहीत, त्यात काही थोरपणा नाही. मला भीती होती की तिकडे पोचल्यावर कंटेनर पुन्हा तपासला तर सहा टन माल कोणाच्या नावावर सडेल?

पहिला अर्धा तारा इथे गेला. जाहिरातीत "नमुना घरून नेण्याची सोय" असं लिहिलेलं आहे. ते घर नागपूर शहराच्या हद्दीत असलं पाहिजे, हे पैसे भरल्यावर कळलं. शुक्रवारी, ७ नोव्हेंबरला, मी वरुडहून कुरिअर केलं. शनिवार-रविवार पेटी कुठेतरी गोदामात बसली आणि लॅबमध्ये सोमवारी पोचली. नोंदवून घेताना त्यांनी "दोन फळे मऊ" असा शेरा मारला आणि तसा मला फोटोही पाठवला. हे बरं वाटलं. तीन दिवसांत रिपोर्ट देतो म्हणाले होते, तो शनिवारी १५ तारखेला आला.

रिपोर्ट

नऊ पानं, सगळी इंग्रजीत. एका ओळीत एक औषध, आणि तेही आपल्या ओळखीच्या नावाने नाही. आम्ही ज्याला रोगर म्हणतो ते तिथे डायमेथोएट. दुकानात ज्या नावाने बाटली मागतो त्यातलं एकही नाव त्या नऊ पानांत नाही. जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे बीएलक्यू, म्हणजे मशीनला खात्रीने मोजता येईल त्याच्याखाली. चार ओळींत आकडे होते. थायामेथोक्झाम, कार्बेन्डाझिम, सायपरमेथ्रीन आणि क्लोरपायरीफॉस. क्लोरपायरीफॉस ०.०३४. चौघांच्याही पुढच्या रकान्यात युरोपची हद्द छापलेली, आणि शेवटी मोठ्या अक्षरात, मर्यादेत आहे.

मी तो रिपोर्ट लगेच वाशीच्या पोराला पाठवला. वीस मिनिटांत फोन.

"काका, क्लोरपायरीफॉसची लिमिट चुकीची छापली आहे. ही जुनी आहे."

युरोपने जानेवारी २०२० मध्ये क्लोरपायरीफॉसची मंजुरी काढून घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून सगळ्या फळा-भाजीत त्याची हद्द ०.०१ वर आणली. किलोमागे ०.०१ मिलीग्रॅम. लॅबच्या तक्त्यात त्याच्या आधीचा आकडा तसाच पडून होता. पाच वर्षांपूर्वीचा आकडा! मी लॅबला फोन लावला. तिथल्या मॅडम आधी गप्प झाल्या, मग कीबोर्डचा आवाज आला, मग म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. आमच्याकडून चुकलं." दुसऱ्या दिवशी रविवार असून संध्याकाळपर्यंत सुधारित रिपोर्ट आला, त्यात माझा माल नापास. चूक मान्य करायला त्यांनी एक मिनिट लावला नाही आणि नापास लिहायलाही कचरल्या नाहीत. तरी पूर्ण एक तारा इथे कापतो. मशीन कोट्यवधीचं आणि त्याच्या शेजारचा तक्ता कोणी बघत नाही, हे कसं चालेल? तो रिपोर्ट दुसऱ्या कोण्या भोळ्या माणसाने पुढे रेटला असता तर?

न फवारलेलं औषध

आता मूळ प्रश्न. क्लोरपायरीफॉस मी मारलंच नव्हतं.

माझी फवारणीची वही आहे. जुन्या एलआयसीच्या डायरीत लिहितो. नवतीवर, म्हणजे कोवळ्या पालवीवर, सायला ही रस शोषणारी कीड आली तेव्हा थायामेथोक्झाम, नोंद आहे. ऑगस्टमध्ये फळगळीसाठी जिबरेलिक, युरिया आणि कार्बेन्डाझिम, शिफारशीतलंच, नोंद आहे. ऑक्टोबरमध्ये लाल्या, म्हणजे कोळी, दिसला म्हणून १४ तारखेला पाण्यात विरघळणारं गंधक. बस. सायपरमेथ्रीनही नाही, क्लोरपायरीफॉसही नाही. बायको म्हणाली, "पेटी बदलली असन." पुतण्या म्हणाला, मशीन चुकलं.

मॅडमना पुन्हा फोन केला. त्या बाई शनिवार वाया गेलेला असताना, वर रविवारी रात्री, माझ्याशी पंचवीस मिनिटं बोलल्या. ज्यासाठी मी साडेतीन तारे देतो आहे ती ही पंचवीस मिनिटं. त्यांनी मला उत्तर सांगितलं नाही, प्रश्न विचारले. पंप कोणाचा? पाणी कुठलं? बाजूला काय पीक? मग म्हणाल्या, "हे दोन एकत्र दिसतात तेव्हा मी मिश्रणाचा संशय घेते. क्लोरपायरीफॉस आणि सायपरमेथ्रीन एकाच बाटलीत येतं. कपाशीवर मारतात."

१४ ऑक्टोबरला आमचा पंप बिघडला होता. भाड्याने एचटीपी, म्हणजे जोराच्या दाबाने फवारणारा, पंप आणला, सोबत त्यांचाच दोनशे लिटरचा निळा ड्रम आणि दोन माणसं. सोमवारी सकाळी मी त्या गड्याला गाठलं. आदल्या दिवशी कुठे होता रे बापू? तर पल्याडच्या शिवारात पऱ्हाटीवर, बोंडअळीचं औषध. ड्रम धुतला होता का? "हिसळला होता ना भाऊ, एक बकेट पाण्यानं." नळीतलं औषध? नळीत तर साठ-सत्तर मीटर लांबीभर औषध उभं असतं, ते माझ्या झाडांवरच गेलं. त्याचा काही दोष नाही. आतापर्यंत त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की ड्रमाच्या तळाचं पाणी दुबईपर्यंत जाऊ शकतं.

०.०१ म्हणजे किती, हे त्या दिवशी मी हिशेब मांडून बघितलं. एक टन संत्र्यात दहा मिलीग्रॅम. दहा टनांच्या ट्रकात शंभर. तापाची पाचशेची गोळी घ्या, तिचे पाच तुकडे करा, त्यातला एक तुकडा अख्ख्या ट्रकात वाटा. एवढ्याने हद्द गाठली जाते. आणि ही हद्द संत्रा खाऊन माणसाला काय होतं यावरून काढलेली असतेच असं नाही. ज्या औषधाला युरोपात मंजुरी नाही, किंवा ज्याची त्या पिकासाठी वेगळी हद्द ठरवलेलीच नाही, त्याला तिथे सरसकट ०.०१ लावतात. मशीनला भरवशाने दिसतं साधारण तेवढं. ३९६/२००५ क्रमांकाचा त्यांचा कायदा आहे, तो सप्टेंबर २००८ पासून पूर्ण लागू आहे. जपाननेही २००६ मध्ये हाच ०.०१ चा आकडा सरसकट धरला. क्लोरपायरीफॉसचं मात्र वेगळं आहे, त्याची मंजुरी काढताना लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीची काळजी हे एक कारण होतं. ते वाचल्यावर मी "हे सगळं व्यापाराचं राजकारण आहे" म्हणायचं बंद केलं. राजकारण आहेच, पण सगळं तेच नाही.

आपल्याकडे हीच बाटली कोणत्याही कृषी केंद्रात मिळते. मे २०२० मध्ये केंद्राने सत्तावीस औषधांवर बंदीचा मसुदा काढला होता, त्यात क्लोरपायरीफॉस होतं, कार्बेन्डाझिम होतं, रोगरवालं डायमेथोएटही होतं. तिन्ही बाटल्या अजून दुकानात आहेत.

काचेपलीकडे

त्याच सोमवारी दुपारी मी नागपूरला लॅबमध्ये गेलो. आगाऊ फोन करून या म्हणाले होते, मी न करताच गेलो, तरी आत घेतलं. मशीनच्या खोलीत नाही, काचेबाहेरून. पण पुढची खोली दाखवली, आणि मला तीच बघायची होती.

एक मुलगी कोणाचा तरी नमुना तयार करत होती. मोसंबी होती ती, आपल्या संत्र्यासारखी सोलायला सोपी नाही, पण इथे सोलण्याचा प्रश्नच येत नाही. देठ काढला आणि सालीसकट फोडी करून मिक्सरसारख्या मोठ्या भांड्यात टाकल्या, वरून धुरासारखा वाफाळणारा कोरडा बर्फ. कुटून त्याचा भुगा केला, बर्फाळ पिवळसर भुरका. त्यातून दहा ग्रॅम एका झाकणाच्या नळीत मोजून घेतला, त्यात एक द्रावण, मग क्षाराची पुडी, आणि ती नळी तिने हाताने एक मिनिट अशी खाली-वर हलवली की मला सत्यनारायणाच्या प्रसादाचं पंचामृत घुसळणारी माझी आत्या आठवली. ही पद्धत २००३ मध्ये निघाली आणि आता जगभर हीच चालते असं मॅडमनी सांगितलं.

"साल का घेता?" मी विचारलं. "माणूस तर साल फेकते."

"नियम तसा आहे. कोडेक्स म्हणून अन्नाचे जागतिक नियम ठरवणारी संस्था आहे, तिचा पण आणि युरोपचा पण. फळ जसं विकलं जातं तसं तपासायचं."

संत्र्याच्या सालीत तेल असतं आणि क्लोरपायरीफॉससारखी औषधं तेलातच जाऊन बसतात. आतल्या फोडीत कदाचित काहीच निघालं नसतं. साडेसहाशे झाडांमधून चोवीस फळं, चोवीस फळांतून दहा ग्रॅम भुरका, आणि त्यातलं औषधही जास्तीत जास्त सालीतलं. त्या दहा ग्रॅमवर माझे सहा टन अडले होते. मनात आलं ते बोललो नाही, पण त्या बाईंना चेहऱ्यावरून कळलं असावं. म्हणाल्या, "म्हणूनच फळं तोडताना घाम काढायला सांगतो."

एक गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली, ती सगळ्यांनी ऐकण्यासारखी आहे. दोनशेवर औषधं बघतो याचा अर्थ सगळी बघतो असा नाही. मॅन्कोझेबसारख्या पावडरी या पद्धतीत दिसत नाहीत, त्याला वेगळी तपासणी, वेगळे पैसे. तणनाशकातलं ग्लायफोसेट दिसत नाही. इथेफॉन दिसत नाही. द्राक्षवाल्यांचं हेच झालं होतं २०१० मध्ये. २००३ मध्ये युरोपात माल अडकल्यानंतर त्यांनी मोठी यंत्रणा उभी केली, २००६ पासून ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर प्लॉटची नोंद, माल निघायच्या आधी प्रत्येकाची तपासणी. आणि तरी २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या संजीवकाने कंटेनर अडकवले, कारण तपासायच्या यादीत ते नव्हतंच. संत्र्यासाठी आता तसंच सिट्रसनेट आहे. माझ्या ओळखीच्या किती जणांनी नाव नोंदवलंय ते विचारू नका. मीही नव्हतं नोंदवलं.

रात्री ओलिताची पाळी होती, दहानंतर लाईन येते आमच्याकडे. मोटर सुरू करून मोबाईलवर वाचत बसलो. हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही, एवढंच समाधान. तुर्कस्तानचे मँडरिन आणि लिंबं याच क्लोरपायरीफॉसच्या कुटुंबापायी युरोपच्या सीमेवर पुन्हा पुन्हा पकडली गेली आहेत. ब्राझीलचं तर आणखी मजेदार. तिथे संत्र्यावरच्या काळ्या ठिपक्याला कार्बेन्डाझिम मारायला परवानगी होती, अमेरिकेत संत्र्यासाठी त्याची हद्दच ठरलेली नव्हती. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, बाहेरून येणारा संत्र्याचा रस थांबवून तपासायला घेतला. १० पीपीबीच्या, म्हणजे अब्जात दहा भागांच्या, वर निघालं की परत. म्हणजे पुन्हा आपलं तेच ०.०१. त्याच वेळी बाजारात आधीच असलेल्या रसाबद्दल मात्र, ८० पीपीबीच्या खाली असेल तर काळजी नाही, असंही त्यांनीच सांगितलं होतं. आतला रस चालतो, बंदरावरचा चालत नाही. आणि जपानने १९७५ मध्ये अमेरिकेची लिंबं सालीवरच्या बुरशीनाशकापायी समुद्रात फेकायला लावली, आणि १९७७ मध्ये तेच रसायन खाद्यपदार्थात चालणारं म्हणून मंजूर केलं. मधल्या दोन वर्षांत लिंबात काय फरक पडला असेल ते त्या दोन सरकारांनाच ठाऊक. पहाटे तीनला पाणी दुसऱ्या दांडाला लावलं आणि झोपलो.

दुसरी टेस्ट

वाशीचा पोरगा थांबायला तयार झाला. उन्हाने, वाऱ्याने औषध विरतं, दोनेक आठवडे जाऊ द्या म्हणाला. लॅबने स्वतःहून दुसरी टेस्ट अर्ध्या पैशांत केली, चूक त्यांची होती म्हणून. ३,४०० आणि जीएसटी, ४,०१२. एकूण झाले १२,०३६. २८ नोव्हेंबरला मी नमुना स्वतः नेऊन दिला, एसटीने, मांडीवर पिशवी ठेवून. बाजूच्या सीटवरच्या बाईने नातवासाठी एक मागितलं, मी "नाही जमणार" म्हटल्यावर तिने उरलेला रस्ता माझ्याकडे पाठ केली.

२ डिसेंबरला निकाल आला. सायपरमेथ्रीन बीएलक्यू. क्लोरपायरीफॉस ०.०१३.

इथे एक गोम आहे आणि ती मला मॅडमनीच समजावली. कोणतंही मशीन शंभर टक्के नेमकं मोजत नाही, म्हणून युरोपचे सरकारी तपासनीस कारवाई करण्याआधी निकालातून ५० टक्के अनिश्चितता वजा धरतात. ०.०१३ मधून निम्मे वजा केले तर ०.००६५, म्हणजे हद्दीच्या खाली. सरकारने माझा माल या आकड्यावर अडवला नसता. मी हे सगळं वाशीच्या पोराला नीट, न चिडता सांगितलं.

"काका, ते तिकडच्या सरकारचं. माझ्या दुकानवाल्याला कागदावरचा पहिला आकडा दिसतो. त्याचं वजा-बाकी काही नसतं."

कंटेनर दुसऱ्या एका गावच्या मालाने भरला. मी माल इथल्याच व्यापाऱ्याला दिला, जागेवर ३१ रुपयांनी. कोटिंगच्या कारखान्यावर, आमच्याकडे त्याला अजून लोक व्हॅक्सिनेशन म्हणतात, ती फळं मेण लावून चकाचक झाली आणि दक्षिणेकडे गेली. तिथे कोणी काही विचारलं नाही. किलोमागे १४ रुपये गुणिले सहा टन, ८४ हजार. एका न धुतलेल्या ड्रमाचे.

मग पैसे वाया गेले का? माझ्या मते नाही, पण मी चुकीच्या वेळी खर्च केले. तोडणीच्या तोंडावर टेस्ट केली की हातात फक्त पास किंवा नापास उरतं. तीच टेस्ट तोडणीच्या सहा आठवडे आधी केली असती तर वाट बघायला वेळ होता. ज्याला माल बाहेर द्यायचाच नाही, नागपूरच्या कळमना बाजारात किंवा झाडावरच विकायचा आहे, त्याला आठ हजार खर्च करा असं मी सांगणार नाही. आज त्याला त्याचा एक रुपया जास्त मिळत नाही. पाच-सहा जणांनी मिळून, एकाच पद्धतीने फवारणाऱ्यांनी, एक टेस्ट करावी असं कोणी म्हणेल. मला ते धोक्याचं वाटतं. ड्रम सगळ्यांचा वेगळा असतो.

लॅबने करण्यासारखं एकच सांगतो, बाकी त्या लोकांना आपलं काम येतं. नऊ पानांच्या वर एक दहावं पान लावा, मराठीत. कोणतं औषध निघालं, बाजारात ते कशाकशात असतं, युरोपची हद्द किती, आणि ती कोणत्या तारखेची. तारीख तर नक्कीच टाका. कारण माझ्याच रिपोर्टातलं थायामेथोक्झाम नोव्हेंबरमध्ये आरामात पास होतं, आणि ७ मार्च २०२६ पासून युरोपात त्याचीही हद्द मशीनच्या तळापर्यंत खाली, तीही माणसाच्या तब्येतीसाठी नाही, मधमाश्यांसाठी. सायल्याला आम्ही दुसरं काय मारायचं हे अजून वरुडात कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

ताण तोडून महिना झाला. झाडं फुलावर आहेत, बगीच्यात शिरलं की वासाने डोकं जड होतं, आणि नवतीवर सायला चढलाय. काल कृषी केंद्रात गेलो. दुकानदाराने सवयीने नेहमीचीच बाटली काउंटरवर ठेवली. मी चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचत बसलो, तर मागे उभा असलेला म्हणाला, "भाऊ, लग्नपत्रिका आहे का ते?" दुकान हसलं. मी बाटली परत दिली आणि दोनशे लिटरचा एक नवा ड्रम मागितला, निळा नको म्हटलं, पिवळा द्या. घरी आणून त्यावर ऑइलपेंटने लिहिलं, फक्त संत्रा.